बराकीची शाळा आणि शाळेची बराक

शाळा आणि छावणी या दोन्ही संस्था राज्यास लागतात. छावणी लागते ती राज्याच्या रक्षणास. शाळा लागते ती राज्यात रक्षण करण्याजोगे काही असावे म्हणून. या दोहोंनी एका गावात शेजारी नांदण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत उत्पन्न होते ती एकीने दुसरीच्या घरात बिऱ्हाड थाटले म्हणजे. परंतु येथेही एक भेद आहे, आणि तो ज्यास कळला त्यास प्रस्तुत लेखाचा आशय कळला असे समजण्यास प्रत्यवाय नाही. बराकीची शाळा झाली तर समाज एक पायरी वर चढतो. शाळेची बराक झाली तर तो दोन पायऱ्या खाली घसरतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण शोधण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. दुसरे महायुद्ध संपले, सैन्य हलले, आणि मुंबईस मरीन लाइन्सजवळ रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींत १९४६ च्या जून महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. चार वर्षांनी, १९५० च्या जूनमध्ये, त्याच संस्थेचे दुसरे महाविद्यालय आमच्या या शहरात, त्या वेळच्या औरंगाबादेत, छावणी भागात उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली, आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ते नागसेनवनात नांदू लागले. त्यापूर्वी येथे इंटरमीजिएटपुरते महाविद्यालय होते. पदवीची इच्छा धरणाऱ्या मराठवाड्याच्या मुलास हैदराबादची वाट धरावी लागे. ज्या समाजास शतकानुशतके पाटीपेन्सिलीचा स्पर्श होऊ दिला नव्हता, त्याची मुले फौजेने सोडलेल्या जागेच्या आश्रयाने शिकू लागली, यापरते बराकीचे भाग्य ते कोणते?

अशांततेच्या काळात शाळेचे काय होते हेही या विभागास ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९४७ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या तेरा महिन्यांत निजामी राजवटीतील मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली, रझाकारांच्या भीतीने कुटुंबेच्या कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परग्याच्या आणि मोमिनाबादच्या शाळांतले शिक्षक. ज्या विभागाचे राजकारण शाळामास्तरांनी घडविले, त्याने तरी शाळेच्या अब्रूचा प्रश्न परका मानू नये.

हे सारे आठवावयाचे कारण असे. २८ व २९ मे २०१५ रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे ‘सुरक्षित शाळा जाहीरनामा’ राष्ट्रांच्या अनुमोदनासाठी खुला झाला. नॉर्वे आणि अर्जेंटिना या दोन देशांनी तो पुढे आणला होता. पहिल्याच वेळी ३७ राष्ट्रांनी त्यास अनुमोदन दिले. आज ही संख्या एकशेवीसच्या घरात गेली आहे. त्या यादीत कॅनडा, फ्रान्स व जर्मनी आहेत. त्याचप्रमाणे ज्यांच्या भूमीवर प्रत्यक्ष रक्त सांडले ते अफगाणिस्तान, येमेन, नायजेरिया आणि युक्रेनही आहेत. ब्रिटनने प्रथम नकार दिला होता, पण २०१८ मध्ये त्यानेही मत बदलले. यादीत नाहीत त्यांत अमेरिका, रशिया, चीन, इस्राएल ही राष्ट्रे येतात. आणि हे लिहीपर्यंत भारतही त्याच पंक्तीत बसलेला आहे. बुद्धाचा आणि गांधींचा देश म्हणून जगात ज्याची ओळख करून देण्यात आम्ही कधी थकत नाही, त्यास या पंक्तीत ताट मांडून बसलेला पाहून ज्यास खंत वाटत नाही त्याच्याशी आमचा वाद नाही. ज्यास खंत वाटते, पण ‘राजकारणात असे चालावयाचेच’ म्हणून जो स्वस्थ बसतो, त्याच्याशी मात्र आहे.

जाहीरनाम्यात आहे तरी काय? शाळांवरील हल्ल्यांची नोंद ठेवावी, पीडितांस साह्य द्यावे, अपराध्यांची चौकशी करावी, युद्धकाळातही शिक्षण चालू ठेवावे, आणि डिसेंबर २०१४ मध्ये जिनिव्हास प्रसिद्ध झालेली मार्गदर्शक तत्त्वे आपल्या सैन्याच्या शिस्तीत आणावीत, एवढेच. ती तत्त्वे अवघी सहा. चालू शाळेचा लष्करी कामासाठी कोणत्याही प्रकारे उपयोग करू नये. ओस पडलेली शाळाही, दुसरा मार्गच नसल्याखेरीज आणि आवश्यक तेवढ्या काळापलीकडे, वापरू नये. शत्रूस ती उपयोगी पडू नये म्हणून तिचा विध्वंस करू नये. शत्रूने तिचा ताबा घेऊन ती लक्ष्य बनविली असली तरी, हल्ल्यापूर्वी अन्य सर्व उपाय पाहावेत आणि शक्य तर पूर्वसूचना द्यावी. शाळेच्या पहाऱ्यास शक्यतो लढणारे सैनिक ठेवू नयेत. आणि हे सर्व नियम लष्कराच्या पुस्तकांत, हुकुमांत व शिक्षणात उतरवावेत. यांतील कोणते कलम भारतीय सेनेच्या प्रतिष्ठेस बाध आणणारे आहे, हे कोणी आम्हांस दाखवून द्यावे.

शाळेत सैनिक राहिल्याने बिघडते काय, असे विचारणारे सज्जन आढळतात. त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. युद्धाच्या कायद्याप्रमाणे शाळा ही नागरी वास्तू. तिच्यावर शस्त्र चालविणे हा गुन्हा. परंतु तिच्या गच्चीवर वाळूच्या गोण्या रचून बंदूक रोखली की ती वास्तू आपल्या वापरानेच लष्करी लक्ष्य ठरू शकते, आणि कायद्याने तिच्याभोवती उभारलेली भिंत कोसळते. म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी आलेला शिपाईच मुलांचे कवच काढून घेतो, आणि तेही त्यांस न विचारता. त्यानंतरचा क्रम सर्वत्र एकच असतो. प्रथम दोन खोल्या जातात, मग अंगण जाते, मग न्हाणीघर जाते. ज्या दिवशी न्हाणीघर जाते त्या दिवशी मोठ्या मुली शाळा सोडतात. शिक्षक बदली मागतो. आदिवासी मुलखातील आश्रमशाळा असेल तर मुलाचे केवळ पुस्तकच जात नाही. दोन वेळचे जेवण आणि निजावयाची जागाही जाते. पलटण पुढे निघून गेली तरी मूल परत येतेच असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने बिहार व झारखंडमधील शाळांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात माओवाद्यांनी सुरुंगाने उडविलेल्या शाळा आणि पोलिसांनी बळकावलेल्या शाळा यांचे वृत्त एकाच पुस्तकात बांधलेले आहे. पोलीस राहतात म्हणून आम्ही शाळा उडवितो, असा माओवाद्यांचा दावा होता. परंतु जेथे पोलीस नव्हते अशाही शाळा त्यांनी उडविल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. तेव्हा त्यांचा दावा हा कांगावा होय, यात संशय नाही. मात्र कांगावा करण्यास त्यांस निमित्त कोणी पुरविले, हा प्रश्न उरतोच.

आता गंमत अशी की, ज्या गोष्टीस परदेशात मान्यता देण्यास आमचे सरकार कचरते, ती गोष्ट स्वदेशात त्याने केव्हाच मान्य केलेली आहे. स्थावर मालमत्ता तात्पुरती ताब्यात घेण्याविषयीचा १९५२ चा केंद्रीय कायदा पाहावा. सार्वजनिक उपासनेची जागा, शाळा, रुग्णालय, सार्वजनिक ग्रंथालय, अनाथालय, यांस त्यात सूट दिलेली आहे. देऊळ आणि शाळा ही एका ओळीत बसविण्याची बुद्धी त्या काळच्या संसदेस झाली, याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. पुढे २०१० मध्ये ईशान्येकडील शाळांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा व वसतिगृहे यांत सशस्त्र दलांनी यापुढे वस्ती करू नये. २०११ च्या जानेवारीत छत्तीसगडमधील सर्व शैक्षणिक इमारती चार महिन्यांत मोकळ्या करण्याविषयी त्याच न्यायालयाने फर्माविले. त्या नंदिनी सुंदर प्रकरणाच्या जुलै २०११ च्या आदेशात न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी व न्यायमूर्ती निज्जर यांनी जी नोंद केली आहे ती प्रत्येक नागरिकाने वाचण्याजोगी आहे: राज्य सरकारने शाळा व्यापल्याचे आधी साफ नाकारले होते, पुढे पुष्कळ शाळा आणि वसतिगृहे सशस्त्र दलांच्याच ताब्यात असल्याचे निष्पन्न झाले.

परदेशांतील आमचे वर्तन याहूनही बोलके आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी सेवा केली आहे. त्या सेनेच्या २०१२ च्या पायदळविषयक पुस्तिकेत शाळांचा लष्करी उपयोग करू नये असे बजावलेले आहे. म्हणजे निळी टोपी घालून काँगोत किंवा दक्षिण सुदानात उभ्या असलेल्या भारतीय जवानास जो नियम लागू आहे, तोच आपल्या घरी जाहीरपणे स्वीकारण्यास दिल्ली तयार नाही! २९ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वे व नायजर यांनी मांडलेला, केवळ शिक्षणाच्या संरक्षणास वाहिलेला पहिला ठराव, क्रमांक २६०१, सुरक्षा परिषदेने एकमताने संमत केला. भारत तेव्हा परिषदेचा सभासद होता. एकमतात आमचेही मत आले. हात वर करावयाचा आणि लेखणी मात्र खिशात ठेवावयाची, या मुत्सद्देगिरीस काय नाव द्यावे?

आणि आमच्या स्वतःच्या तक्रारीचे काय? ७ मे २०२५ च्या पहाटे नियंत्रण रेषेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात पूंछ येथील ख्राइस्ट स्कूलच्या मागे गोळा पडला. त्या शाळेत शिकणारी दोन मुले मृत्यू पावली. शाळा बंद होती म्हणून अनर्थ टळला. ९ मे रोजी भारताच्या परराष्ट्र सचिवांनी ही गोष्ट जगाच्या वृत्तपत्रांपुढे मांडली, आणि ते योग्यच केले. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या शाळेत अतिरेक्यांनी शंभराहून अधिक विद्यार्थी ठार केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या आवाहनावरून भारतातील शाळांत दोन मिनिटे मौन पाळण्यात आले. वैराच्या वर उठणारी अशी कृती क्वचितच घडते. परंतु तक्रार करणाऱ्याने आधी आपला दस्तऐवज पुरा करावा, हा कोर्टकचेरीतील साधा नियम आहे. पूंछच्या शाळेविषयी बोलताना ‘आम्ही हे वचन दिलेले आहे, तुम्ही का दिले नाही?’ असे विचारता आले असते तर त्या बोलण्यास केवढे वजन आले असते!

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप असा की, जाहीरनामा बंधनकारक नाही; त्याने काय साधणार? बंधनकारक नाही तर मग भीती कशाची, हे त्याचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामाही बंधनकारक नव्हता. तरीही ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ हा शब्द घालावा म्हणून आमच्या हंसा मेहता तेथे झगडल्या, आणि यशस्वी झाल्या. वचनाची शक्ती ते मोडल्यावर कळते. युक्रेनने २०१९ मध्ये अनुमोदन दिले. रशियाच्या आक्रमणानंतर, २०२२ मध्ये, युक्रेनच्याच सैन्याने शाळांत तळ दिल्याचा आरोप ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने केला. आरोपाविषयी वाद झाला, होवो. पण आरोप करणाराच्या हाती त्या देशाचे स्वतःचे वचन होते. ज्याने वचनच दिले नाही त्यास कोणी काय विचारावे? मला वाटते, नेमकी हीच सोय आमच्या मुत्सद्द्यांस गमवावयाची नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि खरे दुखणे तेच. जाहीरनाम्यात ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द आहे; तो स्वीकारला तर काश्मीर, ईशान्य भारत वा दंडकारण्य येथे असा संघर्ष चालू आहे असे कबूल केल्यासारखे होईल, आणि परक्यांस आमच्या घरात डोकावण्यास खिडकी मिळेल, अशी ही शंका. परंतु त्या मजकुरात कोणत्याही देशाचे नाव नाही. नॉर्वेत कोठे युद्ध पेटले आहे? कॅनडात कोठे? आग लागली आहे म्हणून कोणी विमा उतरवीत नसतो. शिवाय मुलांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वार्षिक अहवालातून भारताचे नाव २०२३ मध्ये वगळण्यात आले, ते सरकारने योजिलेल्या उपायांची दखल घेऊनच. म्हणजे जी खिडकी बंद झाली तिच्या भीतीने आम्ही अद्याप दारही उघडीत नाही. शब्दाच्या सावलीस भिऊन वस्तू नाकारणे हे स्वाभिमानाचे लक्षण नव्हे; ते मनाच्या कोतेपणाचे होय.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. अरण्यात शाळेखेरीज पक्की इमारत नसते. शिपायाने पावसात झाडाखाली निजावे काय? मुळीच नाही. शिपाई हाही कोणाचा मुलगा आहे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात लाहेरीस १७ पोलीस पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. त्यांच्या निवाऱ्याची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु ती तरतूद राज्याने आपल्या तिजोरीतून करावी; सात वर्षांच्या माडिया मुलाच्या वर्गखोलीतून करू नये. माओवादग्रस्त राज्यांत ४०० तटबंद पोलीस ठाणी बांधण्याची योजना केंद्राने हाती घेतली, यावरून पैसा आहे, विटा आहेत आणि इच्छाही होऊ शकते हे सिद्ध झाले. अरण्यात शाळा ही एकच पक्की इमारत असेल, तर ती लाज शाळेची नव्हे; इतकी वर्षे तेथे दुसरे काहीही न बांधणाऱ्या राज्याची आहे.

चौथा आक्षेप: माओवादी कोठे असली वचने पाळतात? शेजारी राष्ट्र तरी कोठे पाळते? यावर एवढेच म्हणावयाचे की, राज्य आणि टोळी यांत फरक आहे असे आम्ही मानतो. आक्षेपक मानीत नसल्यास त्यांनी तसे स्पष्ट सांगावे. व्रत हा देवघेवीचा सौदा नव्हे. शेजाऱ्याने एकादशी मोडली म्हणून कोणी आपली मोडीत नाही.

शेवटचा आक्षेप उघडपणे मांडला जात नाही, पण कुजबुजला जातो: ही सारी युरोपीय थेरे आहेत. युरोपास या बाबतीत शिकविण्याचा अधिकार फारसा नाही, हे आम्हांसही मान्य. लूवेन विद्यापीठाचे ग्रंथालय १९१४ मध्ये एकदा आणि १९४० मध्ये पुन्हा जळले, ते युरोपीय हातांनीच. परंतु कल्पना मात्र परकी नाही. दोन फौजा शेजारी लढत असताही भारतात नांगर धरलेल्या शेतकऱ्यास कोणी उपद्रव देत नाही, हे नवल मेगॅस्थिनीसने ग्रीकांस कळविले होते. आणि चिपळूणजवळ तळ देऊन राहिलेल्या आपल्या जुमलेदार-हवालदारांस शिवछत्रपतींनी धाडलेले पत्र कोणत्या मराठी माणसास ठाऊक नाही? रयतेच्या घरातून दाणा, गवत, भाजी काहीही बळाने घेऊ नये, नाहीतर याहून मोगल बरे असे लोक म्हणतील, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. आपल्याच फौजेपासून आपल्याच रयतेस जपणारा हा हुकूम होता. ज्यांस भाजीच्या देठाची चिंता होती, त्यांनी मुलांच्या पाटीविषयी काय लिहिले असते हे सांगावयास इतिहाससंशोधक नको. त्यांच्या पुत्राचे नाव धारण करणाऱ्या या शहराने तरी तो हुकूम विसरू नये.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात हा विषय कशास, असे एखादा रसिक विचारील. उत्तर सोपे आहे. इंद्रावतीच्या अलीकडे भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे, १९७६ साली लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा सुरू झाली. तेथे शिकलेली माडिया मुले शिक्षक झाली, डॉक्टर झाली, वकील झाली. चार दशके त्या जिल्ह्यावर बंदुकीची छाया होती. आता ती मागे हटू लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा एक ज्येष्ठ नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवून गेला. ज्या मुलांची माडिया बोली अद्याप आमच्या वाङ्मयात नीट ऐकूही आली नाही, ती मुले उद्या लिहिणार आहेत. ती लिहिणार की नाही हे साहित्य संमेलनाच्या मांडवात ठरत नाही; वर्गाची खोली कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते.

म्हणून आमचे मागणे नेमके आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१ ने आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढविण्याचा यत्न राज्यावर सोपविला आहे, आणि अनुच्छेद २१-अ ने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे. दिल्लीने या दोहोंस स्मरून जाहीरनाम्यास अनुमोदन द्यावे. ते देईपर्यंत महाराष्ट्र शासनाने वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा, आश्रमशाळा व वसतिगृहे यांत सशस्त्र दलाने मुक्काम करू नये, असा स्पष्ट नियम त्याने आपल्या पोलीस दलापुरता करावा आणि तो मराठीत छापून प्रत्येक ठाण्यात लावावा. गडचिरोलीत शांतता येत असतानाच हे करावयाचे. पुन्हा गोळीबार सुरू झाल्यावर असले नियम कोणी करीत नाही. आणि मराठवाड्याच्या खासदारांनी संसदेत एकच प्रश्न विचारावा: काँगोत जो नियम आपला जवान पाळतो, तो नियम भारताने जगापुढे मान्य करण्यास अडचण कोणती? या प्रश्नाचे लेखी उत्तर सरकारकडून निघाले, तर पुढचा वाद त्या उत्तराशी घालता येईल. आज तो मौनाशी घालावा लागत आहे.